ज्वालामुखीच्या पायऱ्या

बारामतीहून निघालेली शाळेची सहल बहुधा प्रथम मोरगावला मयूरेश्वराचे दर्शन घेते आणि तेथून पुढे जेजुरीस जाते. कऱ्हा नदी या साऱ्या वाटेवर कधी जवळून, कधी दुरून सोबत करीत असते. जेजुरीचा गड चढून झाला, की काही उत्साही मुले आणखी वर, कडेपठारावर जाण्याचा हट्ट धरतात. खंडोबाचे जुने ठाणे तेथे आहे. चढ चांगलाच दमविणारा असल्यामुळे मुलांचे लक्ष वरच्या देवळाकडे असते. पायांखालच्या दगडाकडे कोणी पाहत नाही. परंतु सोबत भूगोलाचे जाणते शिक्षक असले, म्हणजे ते एखाद्या वळणावर सर्वांना थांबवितात आणि विचारतात, "आपण कशावर चढत आहोत?"

"डोंगरावर" हे उत्तर चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. मुले ज्या खडकावर उभी असतात, तो एके काळी तापलेल्या काकवीसारखा वाहत आला होता. तो ज्वालामुखीचा रस होता.

हे ऐकले, की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो, "मग गुरुजी, ज्वालामुखीचे तोंड कोठे आहे?" या प्रश्नात मुलांचा दोष नाही. पुस्तकांतील चित्रांत ज्वालामुखी जपानच्या फुजी पर्वतासारखा शंकूच्या आकाराचा असतो. त्याच्या माथ्यावर खोलगट तोंड असते आणि त्यातून धूर निघत असतो. त्यामुळे माळावर एखादी निमुळती टेकडी दिसली, की ती विझलेला ज्वालामुखी असावी, असे पुष्कळांना वाटते. मोठी माणसेही तसे खात्रीने सांगतात. परंतु कडेपठाराला तोंड नाही, पुरंदरलाही नाही. या डोंगरांतून कधी अग्नी बाहेर पडला नाही. अग्नीने आणून टाकलेल्या थरांतून हे डोंगर कोरले गेले आहेत.

कडेपठार हे नाव ज्याने ठेवले, त्याची दृष्टी मोठी चोखंदळ असली पाहिजे. कडा आणि पठार या दोन शब्दांत या प्रदेशातील डोंगरांची सारी रचना आली आहे. दूर उभे राहून पाहिले, तर डोंगराच्या अंगावर आडव्या रेघा ओढल्यासारख्या दिसतात. एक उभा कडा, त्यावर थोडी उतरती किंवा सपाट जागा, पुन्हा कडा, पुन्हा उतार, आणि माथा बहुधा सपाट. जणू राक्षसासाठी बांधलेला जिनाच! साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३३ साली दख्खनच्या खडकांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याने त्यांना 'दख्खन ट्रॅप' असे नाव दिले. 'ट्रॅप' हा शब्द जिन्याला असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. युरोपातील विद्वानाला जे जिन्यासारखे दिसले, ते येथील माणसाने कडा आणि पठार म्हणून फार पूर्वीच ओळखले होते.

ही पायरी कशी झाली, हे समजण्यासाठी सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे मागे जावे लागते. हा काळ डोळ्यांपुढे आणणे कठीण आहे. त्यासाठी एक युक्ती करावी. एका वर्षाला एक मिलिमीटर, असे माप धरून बारामतीतून एक दोरी ताणण्यास आरंभ करावा. ऐंशी वर्षांच्या आजोबांचे सारे आयुष्य या दोरीवर आठ सेंटिमीटरांत मावेल. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक हातभर अंतरावरच येईल. परंतु दख्खनच्या खडकांच्या जन्मापर्यंत पोहोचण्यास ६६ किलोमीटर लांब दोरी लागेल. म्हणजे ती इंदापूर ओलांडून पुढे जाईल.

त्या काळी आपला देश आजच्या जागी नव्हता. हिमालयही नव्हता. भारताचा भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेस, हिंदी महासागरात होता आणि अत्यंत मंद गतीने उत्तरेकडे सरकत होता. त्याखालील पृथ्वीच्या पोटातून प्रचंड उष्णता वर येत होती. आज तेथे रियुनियन हे बेट असून त्यावरील ज्वालामुखी अद्याप जागा आहे. या उष्णतेने भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्या भेगांतून ११०० ते १२०० अंश सेल्सिअस तापमानाचा शिलारस बाहेर पडू लागला.

भेगेतून होणारा असा उद्रेक कसा असतो, हे माणसाने एकदा जवळून पाहिले आहे. ८ जून १७८३ रोजी आइसलंड देशातील लाकी येथे जमीन फाटली. सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या रांगेत शेकडाभर तोंडे उघडली आणि त्यांतून आठ महिने रस वाहत राहिला. त्याबरोबर निघालेल्या विषारी वायूंनी गवत मेले, गुरे मेली आणि पाठोपाठ आलेल्या दुष्काळात त्या देशातील सुमारे एक पंचमांश माणसे दगावली. लाकीचा रस सुमारे ६०० चौरस किलोमीटर भूमीवर पसरला. दख्खनचा खडक आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर आहे, आणि झिजून नाहीसा झालेला भाग यात धरलेला नाही! आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळ गोदावरीकाठी सापडणारा असाच खडक शेकडो किलोमीटर वाहत गेलेल्या रसाचा असावा, असे भूवैज्ञानिकांचे मत आहे. याच सुमारास पृथ्वीवरून डायनोसॉर नाहीसे झाले. त्यांचा मुख्य घात मेक्सिकोजवळ कोसळलेल्या अशनीने केला, की दख्खनच्या वायूंचाही त्यात मोठा वाटा होता, याविषयी अद्याप वाद चालू आहे.

हा सर्व रस एका दमात आला नाही. एक लोंढा येई, पसरे आणि थिजे. मग काही काळ शांतता असे. ती काही वर्षांची असे किंवा हजारो वर्षांचीही असे. दीर्घ शांततेत ऊन-पावसाने खडकाचा वरचा भाग कुजून त्याची माती होई. तेवढ्यात पुढचा लोंढा येऊन त्या मातीला झाकून टाकी. अशा झाकल्या गेलेल्या मातीचे विटकरी रंगाचे पट्टे पुण्याच्या आसपासच्या घाटांत रस्त्यासाठी कापलेल्या दरडींत स्पष्ट दिसतात. दोन काळ्या खडकांच्या मध्ये गेरूची रेघ ओढावी, तसा तो तांबडा थर दिसतो. घाटातून गाडी वेगाने जात असता तो दिसतो न दिसतो तोच मागे पडतो, ही मोठीच हळहळ वाटण्यासारखी गोष्ट आहे.

आता एका लोंढ्याच्या आत काय घडले, ते पाहू. कारण कडा आणि उतार यांचे रहस्य तेथे आहे. रसात वायू विरघळलेले असतात. रस भूपृष्ठावर आला, की ते वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर चढू लागतात. दुधाला उकळी फुटली, की फेस वर जमतो, तसाच प्रकार. वरचा भाग लवकर थंड होतो आणि बुडबुडे जेथल्या तेथे अडकतात. त्यामुळे लोंढ्याचा माथा जाळीदार, सच्छिद्र होतो. मधला भाग मात्र सावकाश निवतो. त्यात बुडबुडे नसतात. तो घट्ट, जड आणि काळाभोर होतो. निवताना तो आकसतो आणि त्याला उभ्या चिरा पडतात. पाथरवट ज्याला काळा पाषाण म्हणतात, तो हाच. मंदिरे, वाडे, जाती आणि पाटेवरवंटे याच दगडाचे झाले. सच्छिद्र खडकाला दगडफोडे 'मांजऱ्या' म्हणतात. तो लवकर झिजतो, म्हणून तेथे उतार होतो. काळा पाषाण सहसा झिजत नाही. चिरांवर तुटून त्याच्या मोठमोठ्या शिळा कोसळतात, म्हणून तेथे उभा कडा राहतो. एक कडा आणि त्यावरचा एक उतार मिळून साधारणतः एका लोंढ्याची पायरी होते.

मांजऱ्या खडकातील छिद्रे पुष्कळदा रिकामी नसतात. त्यांत पांढरे, हिरवट किंवा गुलाबी स्फटिक भरलेले आढळतात. खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्याने हजारो वर्षांत ते तेथे आणून बसविले. त्यांतील पुष्कळसे झिओलाइट या जातीचे असतात. क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ साली हे नाव दिले. त्याचा अर्थ 'उकळणारा दगड'. झिओलाइट तापविला, की त्यात कोंडलेले पाणी बाहेर पडून तो फसफसतो. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत सापडलेले कॅव्हनसाइट नावाच्या खनिजाचे निळेशार स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मानाने ठेवलेले आहेत. खाणीत त्यांचेच भाऊबंद खडी म्हणून फोडले जातात!

कडेपठाराच्या माथ्यावर पोहोचले, म्हणजे कऱ्हेचे खोरे आणि नाझरे धरणाचा जलाशय खाली पसरलेला दिसतो. येथे शिक्षक दुसरा प्रश्न विचारतात, "समोरच्या डोंगराचा माथा आणि आपण उभे आहोत तो माथा, यांत काय साम्य आहे?" दोन्ही सपाट आहेत, हे मुलांच्या लगेच ध्यानात येते. दोन्हींवरील आडव्या रेघा दरी ओलांडून एकमेकींशी जुळाव्यात, अशा दिसतात, हे थोड्या वेळाने ध्यानात येते. कोणे एके काळी ही मधली दरी खडकांनी भरलेली होती. हे थर सलग होते. कऱ्हा आणि तिच्या ओढ्यांनी ते कापून नेले. जे कापायचे राहिले, ते डोंगर झाले. डोंगर वर आला नाही, भोवतालची भूमी खाली गेली. एवढीशी, उन्हाळ्यात कोरडी पडणारी कऱ्हा हे काम करू शकली, यावर विश्वास ठेवणे जड जाते. परंतु सप्टेंबर २०१९ मध्ये आलेला तिचा पूर बारामतीकरांनी पाहिला आहे, आणि अशा पुरांना तिच्यापाशी लाखो वर्षे होती.

आता तिच्याच काठाने परत फिरावे. मोरगावाजवळ कऱ्हेच्या काठी, जुन्या गाळाच्या दरडीत, पांढुरक्या रंगाचा एक थर सापडला आहे. तो पिठासारखा मऊ आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर ते पीठ म्हणजे काचेचे अतिसूक्ष्म तुकडे आहेत, असे आढळते. फुटलेल्या बुडबुड्याच्या कवचासारखे ते वक्र असतात. ही ज्वालामुखीची राख होय. परंतु ती दख्खनच्या ज्वालामुखीची नव्हे. दख्खनचा रस पातळ होता, त्यात सिलिका निम्म्याच्या आसपास होती आणि त्याचा खडक काळा झाला. या राखेत सिलिकेचे प्रमाण सत्तर टक्क्यांहून अधिक आहे. असा रस घट्ट असतो. त्यात वायू कोंडतात आणि मग तो वाहत नाही, तर स्फोटाने उधळतो.

अशी राख उधळणारा ज्वालामुखी शोधता शोधता शास्त्रज्ञ इंडोनेशियातील सुमात्रा बेटावर पोहोचले. तेथे तोबा नावाचे सुमारे १०० किलोमीटर लांबीचे सरोवर आहे. ते ज्वालामुखीच्या कोसळलेल्या तोंडात साचलेले आहे. मोरगाव तेथून तीन हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे. एवढे अंतर वाऱ्याबरोबर तरंगत आलेली राख कऱ्हेच्या खोऱ्यात उतरली आणि पावसाच्या पाण्याने सखल जागी गोळा झाली. पुणे जिल्ह्यातच जुन्नर तालुक्यात, कुकडी नदीच्या काठी बोरी येथेही अशी राख मिळाली आहे.

या राखेपाशी अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारेही सापडली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी त्यांचा अभ्यास केला. नेमका येथेच वाद आहे. तोबाचा सर्वांत मोठा स्फोट सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी झाला. राखेतील काच तपासून काही शास्त्रज्ञ म्हणतात, की ही राख त्या स्फोटाची. दुसरे शास्त्रज्ञ गाळातील चुंबकत्वाकडे बोट दाखवितात. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी उलटसुलट झाले. त्यापूर्वी साचलेल्या गाळातील लोहकणांची दिशा आजच्या उलट असते, आणि मोरगावच्या गाळात तशी दिशा त्यांना आढळली. त्यांच्या मते ही राख तोबाच्या एका फार जुन्या, जवळजवळ आठ लाख वर्षांपूर्वीच्या स्फोटाची आहे. आपल्या दोरीवर मोजावयाचे, तर एक पक्ष बारामतीतून ७४ मीटरांवर उभा आहे आणि दुसरा जवळजवळ ८०० मीटरांवर. कऱ्हेकाठी बसून काळ्या दगडाची हातकुऱ्हाड घडविणारा माणूस केव्हा होऊन गेला, हे या निर्णयावर बरेचसे अवलंबून आहे. आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम येथे अशीच राख घासण्याच्या चूर्णासाठी खणून नेली जात असे. दरड खणली गेली किंवा पुरात ढासळली, की तिच्याबरोबर साक्षही जाते.

मोरगाव, सुपे ही गावे बारामतीच्या जिरायती भागातील होत. येथून पूर्वेस जावे, तसतसे डोंगर बसके होत जातात. कऱ्हा सोनगावजवळ नीरेला मिळते, नीरा इंदापूर तालुक्यात नरसिंगपूरला भीमेला मिळते, आणि तोवर चढण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. ज्वालामुखीच्या पायऱ्या मात्र संपलेल्या नाहीत. त्या आता पायांखाली गेल्या आहेत. सह्याद्रीच्या बाजूला, कोयनेजवळ घेतलेल्या एका खोल विंधनछिद्रात सुमारे ९३० मीटर हाच खडक लागला. मराठवाड्यात किल्लारीस १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या छिद्रात तो सुमारे ३४० मीटरांवर संपला. इंदापूर या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात येते. तेव्हा इंदापुरात ज्याला ज्वालामुखी पाहावयाचा आहे, त्याने डोंगर चढू नये, विहीर उतरावी.

विहिरीच्या तोंडाशी काळी माती असते. ती या खडकाचीच झिजून झालेली. तिच्याखाली मुरूम, म्हणजे अर्धवट कुजलेला खडक. मग कोठे मांजऱ्या, कोठे काळा पाषाण, कोठे त्यांच्या मधला तांबडा थर. कडेपठारावर जे ओळखायला शिकले, ते येथे उपयोगी पडते, आणि येथे प्रश्न पाण्याचा असतो. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. बारामती-इंदापुराकडे तो ५०० मिलिमीटरांच्या आसपास असतो. नीरेच्या कालव्याचे पाणी आणि उजनीचा जलाशय यांचा लाभ काही गावांना होतो, सर्वांना नाही. ज्या दुष्काळी उन्हाळ्यात उजनीचे पाणी उतरून पळसदेवचे बुडालेले जुने मंदिर उघडे पडते, त्या उन्हाळ्यात बाकीच्या गावांचा जीव विहिरींतच असतो.

पाणी मुरमात साठते, चिरा पडलेल्या खडकात साठते, आणि मांजऱ्यात, त्याची छिद्रे एकमेकांस जोडलेली असली तर, साठते. चिरा नसलेल्या घट्ट काळ्या पाषाणात थेंब राहत नाही. तांबडा थर चिकणमातीचा असल्यामुळे वरून आलेले पाणी पुष्कळदा तेथे अडते आणि खाली जात नाही. म्हणून एकाच्या विहिरीला चाळीस फुटांवर झरा लागतो आणि बांधापलीकडच्या शेजाऱ्याची विहीर तितकीच खोल जाऊनही कोरडी राहते. यात दैवाचा किंवा पाणाड्याच्या नारळाचा संबंध नसतो. एकाला चीर सापडली, दुसऱ्याला सापडली नाही. विहिरीच्या तळाशी पोहोचल्यावर शेतकरी कधी कधी भिंतीत आडवे बोअर घेतात, ते याच चिरा गाठण्यासाठी.

१९७२ च्या दुष्काळानंतर कठीण खडक भेदणारी यंत्रे महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर आली. जे खणावयास पूर्वी दोन उन्हाळे लागत, ते एका रात्रीत होऊ लागले. तेव्हापासून पाणी नाही लागले, की आणखी खोल जाण्याची सवय पडली आहे. परंतु हा खडक जितका खोल, तितक्या त्याच्या चिरा सामान्यतः कमी आणि मिटलेल्या असतात. शेकडो फूट गेलेल्या विंधनविहिरीतून नुसती करडी भुकटी वर येते आणि शेतकऱ्याचे पैसे मात्र बुडतात. पाणी वरच्या थरांतच मुरवावयाचे, तर ओढ्यावरचा बांध कोणत्या खडकावर घालावा, हे आधी पाहिले पाहिजे. तो चिरा पडलेल्या खडकावर घातला, तर खालच्या विहिरींना पाझर सुटतो. घट्ट पाषाणावर घातला, तर पाणी उन्हात आटून जाते.

इंदापूरच्या माळावर नवी विहीर खणली, की काठाशी निघालेल्या दगडांचा ढीग पडलेला असतो. शाळेत जाता-येता तो नीट पाहावा. तळाशी माती आणि पिवळट मुरूम असतो. त्यावर मांजऱ्याचे छिद्रांचे तुकडे असतात. त्यांत एखादा पांढरा स्फटिक चमकतो. कोठे तांबडी ढेकळे असतात. आणि सर्वांच्या वर, सुरुंगाने नुकतीच फुटलेली, धारदार कडांची काळी शिळा असते. विहिरीतील सर्वांत खोलचा दगड तो, म्हणून ढिगावर सर्वांत शेवटी आलेला.